ग्रीलवरचा पेला

१२ जून, गुरुवार

उद्यापासून कीर्तीला कामावर आणू नको, म्हणल्या वाणीताई. रागावून नाही म्हणल्या. अनयला सर्दी झालीय, कीर्तीला खोकला आहे, तान्ह्या बाळाला लगेच लागतं. बरोबरच आहे त्यांचं. आठ महिन्यांचं बाळ आहे.

पण मग हिला ठेवू कुठं? तीन वर्षांची पोर. हे सकाळच्या अंधारात कंपनीच्या बसनं जातात मद्रासबाहेर, इरुंगाट्टुकोट्टैच्या कारखान्यात, येतात ते दमून येतात. खालच्या राणी अक्काला विचारलं. ठेव म्हणाली. तिची स्वतःची तीन आहेत, त्यात ही एक.

१३ जून

ठेवली. राणी अक्काच्या अंगणात जमिनीत पाण्याची टाकी आहे, तिचं झाकण अर्धं तुटलेलं. पोरूरहून टी. नगरला कामावर जाताना बसमध्ये मला दुसरं काही दिसलं नाही. झाकणच दिसत होतं.

१६ जून, सोमवार

ही डायरी वाणीताईंच्या ऑफिसातली. कोरीच पडली होती. आजींनी मला दिली. म्हणल्या, रोज चार ओळी लिहीत जा, सातवी शिकलीस तेवढी अक्षरं गंजू देऊ नको. मी म्हटलं, कोण वाचणार? त्या म्हणल्या, कोणी वाचायला नको म्हणूनच लिहायची.

आजी म्हणजे वाणीताईंच्या सासूबाई. कॉलेजात इंग्रजी शिकवायच्या. आफ्रिकेतली पुस्तकं त्यांचा विषय होता, भिंतभर आहेत. आता डोळ्यांना मधलं दिसत नाही, कडेकडेचं दिसतं. माणूस समोर आला की मान वाकडी करून बघतात, कोंबडीसारखी. लिहिते आहे खरं, पण कोणी वाचत नाही म्हणून!

ही माणसं मराठीच. पण पिढ्या झाल्या तंजावरला येऊन. आजींची मराठी देवळातल्या पोथीसारखी. तुज, मज म्हणतात. मधेच तमिळ. वाणीताईंना सगळं समजतं पण उत्तर देतात तमिळ नाहीतर इंग्रजीत. विजयेंद्र सर, त्यांचे मिस्टर, फक्त हसतात. ह्यांच्या कंपनीतले सुपरवायझर मंदार सर, त्यांनी मला इथं लावून दिलं. बाळाच्या कानावर मराठी पडावी, आजींशी बोलायला कोणी असावं, म्हणून मराठी बाई हवी होती.

१८ जून

पेल्याचं लिहायचं राहिलं होतं. कामावर लागले त्या दिवशीचं.

वाणीताईंनी कॉफी दिली, मी प्यायले. आजी म्हणल्या, तोंड लावू नको गो, वरून पी. माझे कान गरम झाले. मनात म्हटलं, कळलं. आमची जात इथवर आली का माझ्या आधी. घरी येऊन ह्यांच्याजवळ रडले पण.

दुसऱ्या दिवशी बघते तर सगळेच वरून पितात! सर, वाणीताई, आजी पण. गरम कॉफी, हात वर करून, घटाघट. एक थेंब सांडत नाही. इथली रीतच आहे ती, उष्टं होत नाही. मला इतकं हसू आलं. मी उगाच काय काय धरून बसले. आता मला पण येतं वरून प्यायला. कीर्तीला शिकवायला गेले तर नाकात गेलं तिच्या.

माझा पेला मात्र बाल्कनीच्या ग्रीलवर असतो. बाकीचे फळीवर. विचारलं नाही. आता नीट वरून पिते, तरी तो तिथंच आहे.

२५ जून, बुधवार

आज वाणीताईंच्या मैत्रिणीनं विचारलं, हिचं नाव काय. वाणीताई म्हणल्या कला.

नाव चंद्रकला आहे. माहेरी चंद्रा म्हणतात. पण आजींचं नाव चंद्रिका, त्यांच्या मैत्रिणी त्यांना चंद्रा म्हणतात. वाणीताई मला पहिल्याच दिवशी म्हणल्या होत्या, सासूच्या नावानं घरात हाका कशा मारू, चंद्रा भांडी घास, कसं दिसेल ते? ते पण खरंच. म्हणून कला. आता बसमध्ये कोणी चंद्रा म्हणालं तर मी मागं वळून बघत नाही.

३ जुलै, गुरुवार

दुपारी अनय झोपला की मी आजींचे पाय दाबते. त्या मोबाईलवर इंग्रजी पुस्तक ऐकतात, मग मला सांगतात. आज नवीन सुरू केलं. आफ्रिकेतलं.

नदीकाठचं गाव. तिथं सरकारचा गोरा साहेब आला. त्यानं गावातला एक माणूस स्वयंपाकाला ठेवला. त्याचं नाव लांबलचक, साहेबाच्या जिभेवर बसेना. म्हणून साहेब त्याला जोसेफ म्हणायला लागला.

मी म्हटलं, माझ्यासारखंच की.

आजींनी पाय ओढून घेतला. मला वाटलं जोरात दाबला गेला. त्या म्हणल्या, "होय गो. तुजसारखेंच."

मग पुढं सांगितलंच नाही.

१४ जुलै, सोमवार

सरांची बदली झाली. आफ्रिकेत, नैरोबीला. त्यांची कंपनी तिथं गाड्या जोडायचा कारखाना काढतेय. वाणीताई घरूनच ऑफिसचं काम करणार तिथून. आजी जाणार नाहीत. त्यांना हे घर सोडायचं नाही, एक नर्स ठेवणार.

वाणीताईंनी विचारलं, कला, तू येणार ना आमच्याबरोबर? अनय माझ्या कडेवर होता, माझ्या मंगळसूत्राशी खेळत. मी हसले. मला वाटलं गंमत करतात.

गंमत नव्हती. दोन वर्षांसाठी.

१५ जुलै

ह्यांना सांगितलं. ह्यांचा चेहरा बघायला पाहिजे होता, जसं काय लॉटरी लागली. म्हणले, अख्ख्या वैजापुरातून कोण गेलंय विमानात? दोन वर्षं म्हणजे काय गं, डोळे मिटून जातील. आपली कीर्ती चांगल्या शाळेत जाईल, ही एक खोली सुटेल.

मी म्हटलं, आणि कीर्ती?

ताईकडे राहील की, म्हणले. ताई म्हणजे माझी नणंद, वैजापूरला. चांगली आहे ती. वाईट असती तर मला नाही म्हणायला सोपं गेलं असतं.

१७ जुलै

वाणीताईंना विचारलं. कीर्तीला आणू का बरोबर, एका कोपऱ्यात राहील, त्रास देणार नाही. त्या खूप प्रेमानं बोलल्या. व्हिसा फक्त कामाच्या माणसाला मिळतो म्हणे. शिवाय तिथं तिची शाळा, तिचं आजारपण, तुझं लक्ष दोन्हीकडे राहील, मग अनयचं कसं होणार.

मला भीती वाटते. विमानाची नाही.

२२ जुलै

राणी अक्का म्हणते जाऊ नको, तिथं माणसाची किडनी काढतात, सिंह रस्त्यावर येतात. आजींना सांगितलं. पोट धरून हसल्या. म्हणल्या, तिथली कोणी राणी अक्का मद्रासबद्दल हेंच सांगत असेल.

मी विचारलं, तिथले लोक कसे असतात हो? तर म्हणल्या, "तीं येतील तुज बघायला, आणि घरी जाऊन हेंच विचारतील."

५ ऑगस्ट, मंगळवार

पुस्तक पुढं सरकलं. साहेबाची बदली डोंगराकडे झाली. जोसेफला म्हणाला चल. जोसेफ गेला. डोंगरातली माणसं वेगळी, भाषा वेगळी. त्यांना जोसेफ म्हणजे साहेबाचा माणूस. खाकी चड्डी, कमरेला कोठाराची किल्ली. लोक त्याला कोंबड्या आणून द्यायला लागले.

मी विचारलं, त्याची बायको?

आजी आठवू लागल्या. म्हणल्या, एक ओळ आहे. बायको आणि दोन मुलं नदीकाठी ठेवून तो गेला.

मग पुढं त्यांचं काय?

पुढं नाही.

एवढं जाड पुस्तक आणि एक ओळ! कोंबड्यांचं लिहिलंय पण मुलांचं नाही. मी म्हटलं, लिहिणाऱ्याला मुलं नसतील. आजी म्हणल्या, चार होतीं. मग त्यांनी मला विचारलं, तूं सांग, काय झालें असेल त्या मुलांचें? मी म्हटलं, मोठी झाली असतील. मुलं थोडीच थांबतात.

१९ ऑगस्ट

पासपोर्ट आला. फोटोत मी चोरासारखी दिसते. नाव पूर्ण आहे, चंद्रकला. मी दोनदा हात फिरवला नावावर. सर म्हणले इकडे दे, हरवेल. त्यांच्या कपाटात ठेवला.

२७ ऑगस्ट, बुधवार

आज गणपती बसले. इथं पिल्लैयार म्हणतात. राणी अक्कानं मातीचा आणला, कीर्तीनं त्याच्या पोटाला एरुक्कच्या फुलांची माळ घातली, आपली रुईचीच ती. कीर्ती तमिळच बोलते आता, माझ्याशी पण. मी मराठीत विचारते, ती तमिळमध्ये सांगते. वाणीताईंसारखी!

ताईकडे सवय व्हावी म्हणून परवा हे तिला वैजापूरला सोडून येणार. नुसती सवय. अजून मी हो म्हणलेली नाही.

२९ ऑगस्ट

गेली. स्टेशनवर हसत होती. खिडकीची जागा मिळाली म्हणून.

४ सप्टेंबर

व्हिडिओ कॉल केला. कीर्तीनं नवीन चपला दाखवल्या, कॅमेऱ्यापुढं पाय धरून. मग पळाली. ताई म्हणाली खेळतेय, शेळीचं पिल्लू आलंय शेजारी. मी बोलावलं, आली नाही. रडली असती तर बरं वाटलं असतं. असं वाटणं चांगलं नाही, पण वाटलं.

१० सप्टेंबर, बुधवार

ठरवलं. नाही जायचं. ह्यांच्याशी भांडण झालं. हे जेवले नाहीत. नाही तर नाही.

आजींना आधी सांगितलं. मला वाटलं खूश होतील, मी इथंच राहीन त्यांच्याजवळ. मी म्हटलं, तुम्हाला काय वाटतं ते तरी सांगा. मान वाकडी करून माझ्याकडे बघितलं, म्हणल्या,

"मी जाऊं नको म्हणेन, तर म्हातारीस आपली सोय हवी. जा म्हणेन, तर माझ्या नातवाची सोय. मज विचारूं नको. या घरांत ज्यास विचारशील तो आपलेंच सांगेल."

मग मी म्हटलं, पुस्तक तरी संपवा. त्यांनी संपवलं. डोंगरात एक म्हातारा पाणी भरायचा. त्यानं जोसेफला सलाम केला नाही. जोसेफनं त्याला उन्हात उभं केलं, साहेब म्हणेपर्यंत. म्हाताऱ्यानं शेवटी म्हटलं. त्या दिवशी जोसेफला छान झोप लागली. पुढं गोरा साहेब आपल्या देशात निघून गेला. जोसेफ नदीकाठी परत आला तर गावानं ओळखलं, पण ओळख दाखवली नाही.

मला राग आला. म्हटलं, कसला माणूस, स्वतः भोगलं तरी कळू नये? मी नसतं केलं असं.

आजी म्हणल्या, तीस वर्षें शिकवलें मी. प्रत्येक मुलगी वर्गांत हेंच म्हणायची.

११ सप्टेंबर

नाही सांगायला गेले होते. बाल्कनीत वाणीताई अनयचे कपडे घडी करत होत्या. मी म्हटलं, ताई, मला बोलायचंय.

त्या म्हणल्या, मला पण. बस. खुर्चीवर बस म्हणल्या. मी बसले. त्या सांगत होत्या, तिथं मोठं घर आहे, मागं पेरूचं झाड आहे. धुण्याला, झाडायला तिथलीच बाई मिळते. तुला भांड्यांना हात लावायचा नाही. तू फक्त अनयला बघ, आणि ती बाई नीट काम करते का ते बघ. किल्ल्या तुझ्याकडे. तुझ्याशिवाय माझा कोणावर विश्वास नाही गं.

आजवर मला कोणी असं म्हणलं नव्हतं. ना माहेरी, ना सासरी.

खरं लिहिते. मला आवडलं. खुर्चीवर बसलेलं पण आवडलं. घरी येईपर्यंत मी हो म्हणलेलं होतं. नाही म्हणायला गेलेली बाई कुठं गेली मलाच कळलं नाही.

१२ सप्टेंबर

हे जेवले.

२ ऑक्टोबर, दसरा. वैजापूर

कीर्तीला भेटायला आले. मी दारात बसून तिची वेणी घालत होते. नीट बसली. मग विचारलं, तू कधी जाणारेस? मराठीत विचारलं. ताईनं महिन्याभरात मराठी बोलायला लावलं तिला. पाहुण्यांना विचारतात तसं विचारलं, वाईट मनानं नाही. मी म्हटलं रविवारी. बरं, म्हणाली, आणि शेळीकडे पळाली.

१६ ऑक्टोबर, गुरुवार

आजींकडे शेवटचा दिवस. उद्या निघायचं.

त्या म्हणल्या कॉफी कर, दोघींना. मी करेपर्यंत त्या चाचपडत बाल्कनीत गेल्या, ग्रीलवरचा पेला घेऊन आल्या. त्यातच ओत म्हणल्या. मी म्हटलं, आजी, तो नको, तो माझा आहे. थांबा, फळीवरचा देते. मी हातातून घ्यायला गेले तर सोडेनात.

"ठाऊक आहे," म्हणल्या.

आणि त्यात प्यायल्या. तोंड लावून. मी उभीच. मला तर लाजच वाटली, कोणी बघेल म्हणून. नंतर तो पेला चिंचेनं दोनदा घासला.

निघताना म्हणल्या, तिथें गेलीस तरी लिहीत जा. खोटें लिहूं नको, इतकेंच.

४ नोव्हेंबर, मंगळवार. नैरोबी

आलो त्याला बरेच दिवस झाले. लिहायला झालं नाही. सिंह दिसला नाही. इथं कोणाच्या घरात पंखा नाही, लागतच नाही. पेरूचं झाड आहे. गेटवर माणूस आहे, तो मला मॅडम म्हणतो. पहिल्यांदा मी मागं बघितलं, वाणीताई आल्या का म्हणून.

पासपोर्ट सरांच्या कपाटात.

१८ नोव्हेंबर

वाणीताई मला चंद्राताई म्हणायला लागल्या. सासूबाई इथं नाहीत, आता काय अडचण, म्हणल्या. लोकांसमोर पण म्हणतात. अनयला पण ताई म्हणायला शिकवतात. त्यानं आज ता, ता केलं.

माझा पेला आता फळीवर असतो, सगळ्यांच्यात.

कीर्तीचा फोन लागला नाही. वैजापूरला लाईट नव्हती.

२ डिसेंबर, मंगळवार

धुण्याभांड्याला बाई ठेवली, न्याम्बुरा. नाव जिभेवर बसत नाही, दोनदा म्हटलं आणि दोन्हीदा ती हसली. माझ्याच वयाची असेल. काम चांगलं आहे, पण तेलाचं पातेलं तसंच राहतं, मागं लागावं लागतं. कोठीची किल्ली मी कमरेला लावते, वाणीताईंनीच सांगितलं.

चहा देते तिला. ती तोंड लावून पिते. वरून पी म्हणून हातानं दाखवलं, सगळा चहा अंगावर सांडला तिच्या. हसली, परत तोंड लावलं. आता काय करणार. तिचा कप खिडकीत वेगळा ठेवलाय.

२८ डिसेंबर

कीर्तीशी बोलले. शाळेत जायला लागली. ताईनं कविता म्हणायला लावली, तिनं म्हटली, मग फोन ताईकडे दिला. मला अजून एक विचारायचं होतं.

आजींचा फोन आला होता. नवीन पुस्तक सुरू केलंय म्हणल्या, सांगूं का? अनय रडत होता, मी म्हटलं नंतर.

१२ जानेवारी, सोमवार

आज कला तिच्या मुलीला घेऊन आली. न्याम्बुराला कला म्हणते मी, सोपं पडतं. तीनेक वर्षांची मुलगी, आईचं फडकं धरून उभी. खोकत होती. अनयला लगेच लागतं. उद्यापासून आणू नको म्हटलं. रागावून नाही म्हटलं. ती हातानं विचारत होती, ठेवू कुठं? मी म्हटलं, मी पण ठेवूनच आलेय की.